दोन किल्लीदार

सगळ्यांच्या मुदती सांभाळणारी मुदतबाई स्वतःच मुदत संपलेल्या दारात अडकली, हा किस्सा त्या कंपनीत पुढे कितीतरी दिवस चवीने सांगितला जात होता. सांगणारे त्याला तिखटमीठही लावत. पण त्या अडकण्यातून पुढे काय निघणार आहे, हे त्यांच्यापैकी एकालाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

मशीनरूमकडे जाताना काचेची दोन दारं लागतात. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही, आणि मध्ये जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढीच जागा. नियम असा, की एका वेळी एकानेच आत जायचं. हा नियम मुदतबाईला पाठ होता. नव्या माणसांना तो समजावून सांगायची तीच. पण त्या दिवशी सकाळपासून पावसाची पिरपिर चालली होती, हातात ठिबकणारी छत्री होती, खांद्यावर लॅपटॉपची जड पिशवी होती, आणि मागून कोणीतरी धावत, ओरडत आलं, "अहो, दार धरा... दार धरा!"

तिने धरलं. का धरलं, तर नाही म्हणायलाही अंगात थोडं बळ लागतं, आणि तेवढंही तिच्यात उरलेलं नव्हतं.

तो आत आला आणि मागचं दार लागलं. तिने पुढच्या दाराला कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. लाल. त्याने आपलं लावून पाहिलं, तरी लाल. मागच्या दाराचीही तीच तऱ्हा.

"काय झालं हो?" त्याने विचारलं. उंच, खांद्यात जरासा वाकलेला, आणि अशा दमट हवेतही गळ्यात मफलर.

"दाराला आपली ओळख पटत नाहीये."

"मी तर रोज येतो!"

"तुम्ही येता हो. पण या दारामागे एक छोटा सर्व्हर आहे. आपली कार्डं खरी की खोटी, ते तो मोठ्या सर्व्हरला विचारतो. विचारण्याआधी त्याला स्वतःचं सर्टिफिकेट दाखवावं लागतं... ओळखपत्रच समजा, की बाबा, मी मीच आहे. त्या सर्टिफिकेटवर तारीख असते. तारीख उलटली, की ओळख कितीही जुनी असो, मोठा सर्व्हर त्याच्याशी बोलायचंच बंद करतो."

"अच्छा. आणि ती तारीख उलटू नये, हे बघायचं काम कोणाचं?"

तिने पुन्हा एकदा कार्ड लावून पाहिलं. लाल.

"माझं," ती म्हणाली.

तो हसेल, असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. तिच्या ओल्या छत्रीकडे आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "खरं तर तुमच्यावर रागावायला हवं. पण इतक्या जवळून कसं रागावणार?"

मग त्याने खिशातून बिस्किटांचा पुडा काढला. "घ्या. आत खायला बंदी आहे, बाहेर पाऊस आहे. आपण सध्या आतही नाही आणि बाहेरही नाही. एवढी सवलत मिळायला हरकत नाही."

तिने बिस्कीट घेतलं, आणि तोंडात घास असतानाच तिला हसू फुटलं. किती दिवसांनी हसली, कोण जाणे. रखवालदार खरीखुरी लोखंडी किल्ली शोधून आणेपर्यंत पुडा संपला होता. दार उघडलं तेव्हा तिला वाटलं, हा जरा लवकरच आला.

मुदतबाईचं काम ऐकायला सोपं होतं. कंपनीच्या क्लाउडवर कितीतरी लोकांच्या सिस्टीम चालायच्या. कुठे दवाखान्याचे नंबर, कुठे तिकिटं, कुठे शाळेची हजेरी. यांतल्या प्रत्येक यंत्राला सर्टिफिकेट लागे, आणि प्रत्येक सर्टिफिकेट कधी ना कधी संपे. ते संपायच्या आत नवं लावायचं, तेही जुनं जिवंत असतानाच, म्हणजे कोणाचं काही अडत नाही. यासाठी ती टीममागून टीम फोन करत सुटे. तिचा नंबर दिसला, की लोक विम्याच्या एजंटचा फोन आल्यासारखे गप्प बसत. "उद्या नक्की बघतो, मुदतबाई." तो उद्या काही उगवत नसे. मग तीच बसून ते बदलून टाकी. सगळं सुरळीत चाललं, तर कोणाला तिची आठवण नसे. एक जरी राहून गेलं, तर जो तो तिच्या नावाने शंख करी.

"तुम्ही कधी दमत नाही बुवा," साहेब कौतुकाने म्हणत.

"छे," ती म्हणे. दुसरं काय म्हणणार?

मफलर हा मशीनरूमचा माणूस होता. तिथली यंत्रं, तारा आणि थंड हवा यांची सगळी देखभाल त्याच्याकडे. आत बाराही महिने गारठा, म्हणून गळ्यात बाराही महिने मफलर, आणि म्हणून त्याला सगळे म्हणत तेही मफलरच. दाराच्या त्या प्रकरणानंतर रोज सकाळी त्याचा फोन येऊ लागला.

"नमस्कार. आज काही संपतंय का?"

"दोन संपतायत."

"मग उद्या फोन करतो."

आणि ज्या दिवशी ती म्हणे, "आज काहीच संपत नाहीये," त्या दिवशी तो लगेच म्हणे, "मग चहा?"

असा दिवस क्वचितच उगवे. पण उगवला, की तिची पावलं चहाच्या यंत्राकडे जरा भरभर पडत. याचा तिने त्या वेळी काही अर्थ लावला नाही.

पुढची गोष्ट कळायला किल्लीदारांची पद्धत सांगायला हवी. एका सर्टिफिकेटवर त्याच्या वरच्याची सही असते, त्या वरच्यावर त्याच्याही वरच्याची, आणि सगळ्यांच्या वर असते एक मूळ किल्ली. ती तिजोरीत, कुलूपबंद खोलीत, जगातल्या कुठल्याही तारेला न जोडलेल्या एका लॅपटॉपमध्ये. वर्षातून एकदा ती बाहेर काढायची, एका मोठ्या सर्टिफिकेटवर तिची सही घ्यायची आणि पुन्हा कुलूप लावायचं. एका वर्षी ग्राहकांकडच्या यंत्रांची पाळी, दुसऱ्या वर्षी आतल्या यंत्रांची. किल्लीचा परवलीचा शब्द दोन तुकड्यांत तोडलेला. एक तुकडा एका किल्लीदाराकडे, दुसरा दुसऱ्याकडे, आणि कोणी आजारी पडलंच, तर कोणाच्याही जागी चालेल असा एक जादा तुकडा साहेबांकडे. दोघं एका खोलीत आल्याशिवाय किल्ली चालत नाही.

एक तुकडा मुदतबाईकडे होताच. दुसरा सांभाळणारे गृहस्थ निवृत्त झाले, आणि साहेबांनी त्यांच्या जागी मफलरला नेमलं.

"दोघं वेगवेगळ्या टीमचे, एकमेकांचे कोणी लागत नाही. उत्तम!" साहेब म्हणाले.

कारण नियमच तसा होता. दोन किल्लीदार नात्याचे नसावेत, एका घरचे नसावेत, आणि त्यांच्यात कामापलीकडचा काही संबंध नसावा. एकाने दुसऱ्याला लाडीगोडी लावून दोन्ही तुकडे हस्तगत करू नयेत, म्हणून. दरवर्षी किल्ली बाहेर काढण्याआधी बाहेरचे एक तपासनीस काका कॅमेऱ्यासमोर हा प्रश्न मोठ्याने विचारत. काकांच्या आवाजाला चढ नाही की उतार नाही. घरी आमटीत मीठ कमी पडलं, तरी ते बहुधा याच आवाजात सांगत असावेत.

"तुम्हा दोघांमध्ये कामापलीकडचा काही संबंध आहे का?"

"नाही," मफलर म्हणाला.

"नाही," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर तो हळूच म्हणाला, "मला त्या बिस्किटांची शंका आली होती."

"एक पुडा धरत नाहीत," ती गंभीरपणे म्हणाली. "दोन झाले असते, तर विचार करावा लागला असता."

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर बिस्किटांचा एक पुडा होता. अर्धा. अर्धा त्याने ठेवून घेतला होता, म्हणजे हिशोब नियमात बसावा.

सही झाली, की तिचं खरं काम सुरू होई, एकेका यंत्रावर नवं सर्टिफिकेट पोचवायचं. त्या वर्षी तिने ते वेळेआधी उरकलं. तिच्या पडद्यावर सगळे दिवे हिरवे. आणि तरीही टीमांकडून तक्रारी येऊ लागल्या, आम्हाला अजून जुनंच सर्टिफिकेट दिसतंय म्हणून. तिने पुन्हा पुन्हा तपासलं. नवी फाईल जागच्या जागी होती. तिला काही कळेना.

मफलरने यंत्रांवर एक नजर टाकली. "यातले प्रोग्रॅम कित्येक महिन्यांत बंद करून सुरू केलेलेच नाहीत. तुम्ही फाईल बदललीत, पण यांनी सुरू होताना जी वाचली, तीच डोक्यात धरून ठेवलीये. कपाटात नवा शर्ट आलाय, अंगात मात्र जुनाच."

ती मटकन खुर्चीत बसली. तिचा तो हिरवा पडदा नुसताच कपाटं तपासत होता. हे तिच्यासारख्या बाईला सुचू नये! जुनं संपायला थोडाच अवधी होता, आणि एकेक प्रोग्रॅम जपून, कोणाचं काही न अडवता, बंद करून पुन्हा सुरू करणं आलं.

मग ती दोघं दिवसच्या दिवस मशीनरूममध्ये बसली. तो यंत्राचं नाव सांगे, ती बंद करी, ती "चालू झालं" म्हणे, तो पुढचं नाव सांगे. पंख्यांच्या घरघरीत एकमेकांचं ऐकू यावं, म्हणून खुर्च्या जवळ घ्याव्या लागत. तिची जागा रांगेच्या टोकाला होती. तिथल्या फरशीला जाळी होती आणि तिच्यातून यंत्रांसाठी गार वारा वर येई, तो थेट तिच्या गुडघ्यांपर्यंत.

"पाय गेले हो माझे," ती एकदा सहज म्हणाली.

"हं," तो म्हणाला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी पाय गारठले नाहीत. सवय झाली असेल, असं तिला वाटलं. काम संपलं, तक्रारी थांबल्या आणि ती घरी जाऊन जेवणाच्या ताटावरच पेंगली. आईने तिच्या हातातला घास काढून घेतला आणि तिला झोपायला पाठवलं.

वर्षाने काका पुन्हा आले. तीच खोली, तोच आवाज, तोच प्रश्न. या वेळी पाळी ग्राहकांकडच्या सर्टिफिकेटाची होती.

मफलरने मफलर सारखा केला. मग घसा खाकरला. मग म्हणाला, "...नाही."

मुदतबाईने एकदा त्याच्याकडे पाहिलं. तिची पाळी आली. "नाही," ती म्हणाली, आणि त्यात तिला काही खोटं वाटलं नाही. दमलेल्या माणसाला स्वतःच्या मनात काय चाललंय, तेही लवकर समजत नाही. बाहेर आल्यावर तो नेहमीसारखं काही बोलला नाही. यंत्रं बघायची आहेत म्हणून निघून गेला.

तिला समजलं ते त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, आणि सांगितलं ते एका तार जोडणाऱ्याने, तेही कुरकुर करत.

"मुदतबाई, तुमचं ऐकतील ते, तुम्हीच सांगा मफलरला. ही एक फरशी बदलू देत नाहीत मला."

"कुठली फरशी?"

"ही काय, तुमच्या खुर्चीखालची. इथे जाळीची होती. त्यांनी ती काढून साधी बसवली, वारा बंद केला. मग समोरचं मशीन तापायला लागलं, तर त्याला मागून छोटा पंखा लावला. म्हटलं, कशाला हा उपद्व्याप? जाळी टाकतो परत. तर म्हणाले, हात लावायचा नाही."

"केव्हा बदलली?"

"झालं की वर्षाहून जास्त! तुम्ही दोघं ते बंद-चालू, बंद-चालू करत बसला होतात ना, तेव्हाची."

तार जोडणारा गेला. ती त्या खुर्चीत बसली आणि तिने दोन्ही पाय त्या साध्या, कोरड्या फरशीवर टेकवले. तिचे डोळे भरून आले. सगळ्यांना आधी सांगून ठेवणं, आठवण करणं, मागे लागणं यात तिची वर्षं गेली होती. तिने एकदाच, सहज म्हटलेलं कोणीतरी ऐकलं होतं, आणि तिला न सांगता, न आठवण करता, करूनही टाकलं होतं. तिला तो आवडत होता. नुसता आवडत नव्हता... सकाळचा त्याचा फोन आला नसता, तर तिला तो दिवस सुरूच करता आला नसता. हे तिला तिथेच, त्या घरघरीत, स्वच्छ कळलं.

आणि पाठोपाठ दुसरंही कळलं, की काका परत येणार आहेत.

"नाही म्हणून टाक," सुट्टीच्या दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता आई म्हणाली. "कोण बघायला येतंय?"

"मीच बघते ना, आई! सर्टिफिकेट म्हणजे दुसरं काय असतं? कोणीतरी कोणाबद्दल दिलेला शब्द. मीच तिथे खोटं बोलले, तर खालच्या सगळ्या सह्यांना काय अर्थ राहिला?"

"मग आहे म्हण."

"आहे म्हटलं, की एकाची किल्ली गेली. माझीही जाईल कदाचित. इतक्या वर्षांत लोकांनी विश्वासाने हातात दिलेली तेवढी एकच गोष्ट आहे माझ्याकडे. आणि त्याच्या मनात तसं काही नसलंच तर..."

"तर किल्लीही गेली आणि मफलरही."

"आई!"

"मी आपलं सरळ सांगितलं. आधी त्यालाच का नाही विचारत?"

विचारायला ती गेली होती. चहाच्या यंत्राजवळ तिने सुरुवातही केली होती, "मला तुम्हाला एक..." तेवढ्यात फोन वाजला. कोणाचं तरी संपत होतं. दुसऱ्यांदा गेली, तर तोच कुठल्याशा यंत्राच्या पोटात डोकं घालून बसला होता. तिसऱ्यांदा धीरच झाला नाही. रोज पंचवीस जणांना न कचरता फोन लावणारी ती, या एका माणसासमोर तिची जीभ जड होई. आणि खरं सांगायचं, तर ती थकली होती. नवीन काही सुरू करायचं म्हटलं, की तिला आधी त्याच्या मागची धावपळ दिसे.

शेवटी तिने तिला येत होतं तेच केलं. किल्लीची तारीख बरीच अलीकडे ओढली.

"या वेळी इतक्या लवकर?" त्याने फोनवर विचारलं.

"हाताशी वेळ असलेला बरा."

"कशाला?"

"काही बदलावं लागलं तर..."

"बरं," तो म्हणाला. "आज काही संपतंय का?"

"माहीत नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

त्या दिवशीही पावसाची तीच पिरपिर होती. कुलूपबंद खोलीत काका, कोपऱ्यात साहेब, टेबलावर तो लॅपटॉप, आणि दोन बाजूंना दोन किल्लीदार, आपापलं सीलबंद पाकीट पुढ्यात घेऊन. कॅमेऱ्याचा दिवा लागला.

"या वेळी सुरुवात बाईंपासून," काका म्हणाले. "तुम्हा दोघांमध्ये कामापलीकडचा काही संबंध आहे का?"

समोर बघायचं तिने टाळलं. टेबलाच्या कडेकडे बघत ती म्हणाली,

"आहे."

काकांचं पेन थांबलं. "काय आहे?"

"संबंध. म्हणजे... माझ्या बाजूने आहे. त्यांचं त्यांना विचारा."

"अहो मुदतबाई, काय हे!" साहेब अर्धवट उठले. "कॅमेरा चालू आहे!"

"चालू आहे, म्हणूनच सांगितलं."

काका मफलरकडे वळले. आवाजात तोच सपाटपणा. "तुमच्या बाजूने?"

त्याने गळ्यातला मफलर काढला. त्याला बिनमफलरचं तिथे कोणीच पाहिलेलं नव्हतं. त्याने तो टेबलावर ठेवला, उगीचच त्याची घडी घातली, मोडली.

"आहे," तो म्हणाला.

तिने मान वर केली. तो तिच्याचकडे बघत होता... आणि इतका घाबरलेला दिसत होता, की तिची स्वतःची भीती कुठल्या कुठे गेली.

"केव्हापासून?" काकांनी विचारलं. "नोंदीसाठी लागतं."

"फरशी बदलली तेव्हापासून."

"कुठली फरशी?" साहेबांनी विचारलं. पण मुदतबाईच्या मनात तारखा आपोआप लागत गेल्या होत्या. ती सवयच होती. फरशी बदलली ती त्या बंद-चालूच्या दिवसांत, आणि त्यानंतर काका एकदा येऊन गेले होते.

"म्हणजे... मागच्या वेळी?" ती म्हणाली.

"मागच्या वेळी मी खोटं बोललो," तो म्हणाला.

माणसाला एकाच वेळी आनंदाने रडू यावं आणि समोरच्याला धरून हलवावंसं वाटावं, असं क्वचितच होतं. तिचं तसं झालं.

"मागच्या वेळी ग्राहकांकडच्या सर्टिफिकेटवर सही केली आपण! ते आता धरता येणार नाही. त्याच्या खालची सगळी... अहो, सगळी पुन्हा बदलावी लागतील! कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतक्या दमलेल्या होतात," तो अगदी हळू म्हणाला. "वाटलं, माझ्यापायी तुमचं आणखी एक काम कशाला वाढवायचं?"

पदर नाही, रुमाल नाही, म्हणून तिने टेबलावरून त्याचा मफलरच ओढून घेतला आणि डोळे पुसले.

"आजचं काम थांबवलं आहे," काका म्हणाले. "मागचं प्रमाणपत्र बदलून घ्यावं लागेल, तसा शेरा मारतो. किल्लीदारी दोघांपैकी एकाने सोडायची."

"मी सोडतो," मफलरने आपलं पाकीट साहेबांपुढे सरकवलं. "किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या. आमच्यापैकी इथे कधीच खोटं न बोललेल्या त्या एकट्याच आहेत."

"म्हणजे आता जादा तुकडा घेऊन मी बसायचं!" साहेबांनी कपाळाला हात लावला. "तेवढा वेळ तरी आहे का आपल्याकडे?"

"आहे," मफलर म्हणाला, आणि बोलता बोलता त्याला उलगडा झाला. "त्यांनी तारीख अलीकडे घेतलीये... काही बदलावं लागलं तर."

ती मान खाली घालून मफलरच्या घड्या करत होती. तिचे कान लाल झाले होते.

काकांनी कॅमेरा बंद केला, पेनाला टोपण लावलं, आणि त्याच सपाट आवाजात म्हणाले, "अभिनंदन. हे नोंदीत घेता येत नाही, म्हणून आत्ता सांगतोय."

बाहेर पडताना काचेची ती दोन दारं एकेकाने ओलांडावी लागली. ती आधी गेली. पलीकडे उभी राहून तिने त्याला कार्ड लावताना पाहिलं. हिरवा दिवा. दाराचं सर्टिफिकेट आता ती कधीच विसरत नसे.

इमारतीच्या पायऱ्यांवर छपराखाली कोरडी जागा होती. तो बसला आणि त्याने शेजारी हाताने जागा झटकली.

"आधी बस. दमलीस ना?"

हा प्रश्न तिला जन्मात कितीदा आला असेल, आणि तिचं उत्तर ठरलेलं असे. तिने तोंड उघडलं, आणि निघालं ते भलतंच.

"हो," ती म्हणाली. "खूप दमले. आणि आता सगळ्यांना फोन करायचेत. पुन्हा. लोक मारतील मला."

"दे तो फोन इकडे."

"तुला नाही जमायचं. लोक फार टोलवतात."

"टोलवू देत की. माझ्या चुकीची लगोरी मीच लावतो."

तिने फोन दिला आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. खांदा हाडकुळा होता, टोचत होता, पण ती हलली नाही. पावसाचं पाणी छपराच्या कडेवरून एकसारखं गळत होतं. तो पहिला नंबर लावत होता.

"नमस्कार. तुमचं सर्टिफिकेट बदलायचंय... हो, पुन्हा... नाही, उद्या नको, आजच सांगा केव्हा करताय ते. मुदतबाई दमल्यात, त्यांच्या वतीने मी बोलतोय."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्याने फोन तळहाताने झाकला.

"विचारतायत, तुम्ही त्यांचे कोण."

तिने डोळे उघडलेसुद्धा नाहीत.

"सांग की," ती म्हणाली. "कामापलीकडचा."